लेक डॉक्टर झाली, पुढे काय?

मैत्रिणींनो, एखाद्या जुन्या मेडिकल कॉलेजात जायची वेळ आली, कुणाला भेटायला किंवा कुणाचे रिपोर्ट आणायला, तर डीनच्या ऑफिसाबाहेर जरा थांबा. पुष्कळ ठिकाणी तिथे भिंतीवर एक लाकडी पाटी असते. आजवरच्या डीनची नावे आणि पुढे कारकिर्दीच्या सनावळ्या. ती पाटी वरपासून खालपर्यंत वाचा आणि बायकांची नावे बोटांवर मोजा. बहुतेक वेळा एका हाताची बोटे पुरतात. मग खाली या आणि कँटीनपाशी उभा असलेला ॲप्रनवाल्या पोरापोरींचा घोळका बघा. तिथल्या मुली मोजायला दोन्ही हातांची बोटे कमी पडतील!

असं का बरं? विचारलं की एक ठराविक उत्तर मिळतं : “अहो, मुली आत्ता कुठे शिकायला लागल्यात. होईल हळूहळू.” आपणही मान डोलावतो आणि विषय संपतो. पण हे ‘हळूहळू’ फार जुनं आहे. किती जुनं, ते आधी सांगते.

आनंदीबाईंच्या कॉलेजातल्या डीनबाई

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठी काढलेल्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. बोटीचा प्रवास, नऊवारी साडी, थंडी, खाण्याचे हाल, गोपाळरावांचा तापट स्वभाव, सगळं आपल्याला ठाऊक असतं. पण त्या कॉलेजच्या डीन एक बाई होत्या, हे किती जणींना माहीत आहे? त्यांचं नाव रेचेल बॉडली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. १८७४ सालापासून त्या डीन होत्या. आणि त्या पहिल्या नव्हेत हं! त्यांच्या आधी, १८६६ साली, डॉ. ॲन प्रेस्टन यांनी तीच खुर्ची सांभाळली होती. आपल्याकडे मुलीने पाटी-पेन्सिल हातात धरली तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं म्हणत होते, त्या काळातली ही गोष्ट. बॉडलीबाईंनी आनंदीबाईंवर माया केली, आणि पुढे पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई पदवीधर झाल्या. समारंभाला रमाबाई हजर होत्या. आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना नेमलं ते कुठे? आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून. म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टरणीची पहिली नेमणूकच मुळी प्रमुखाची! ती खुर्ची त्यांना लाभली नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत त्या गेल्या.

मुंबईत त्याच सुमारास कामा हॉस्पिटल उभे राहत होते. सोराबजी बंगाली आणि किट्रेज यांनी १८८२ साली निधी गोळा करायला घेतला, पेस्तनजी कामांनी इमारतीला पैसा दिला. निधी जमवणाऱ्यांचा एक आग्रह होता : हे हॉस्पिटल स्त्री डॉक्टरांनीच चालवायचे. त्यासाठी इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची आल्या. १८८६ मध्ये हॉस्पिटल सुरू झाले ते बाईच्या हाताखाली. डॉ. रखमाबाईंनी सुरतेला आणि पुढे राजकोटला स्त्रियांची हॉस्पिटले सांभाळली. आणि १९२८ साली कामाची सूत्रे एका भारतीय बाईकडे आली. डॉ. जेरुशा झिराड, आपल्या बेने इस्रायली समाजातल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, लंडनला जाऊन १९१९ मध्ये एम. डी. मिळवली आणि १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटल चालवले. देशभरच्या प्रसूतितज्ज्ञांच्या फेडरेशनच्या त्या अध्यक्षाही झाल्या. १९६६ साली पद्मश्री.

आता यात एक गंमत आहे, आणि ती जरा कडू आहे. या खुर्च्या बायकांना मिळाल्या त्या कशामुळे? पडद्यामुळे! पुरुष डॉक्टरांनी तपासलेलं घरच्यांना चालत नव्हतं, म्हणून स्त्रियांची हॉस्पिटले वेगळी निघाली. हॉस्पिटल वेगळे म्हणून तिथली मुख्य बाईच. पुढे कॉलेजे एकत्र झाली, हॉस्पिटले सगळ्यांची झाली. ते झालं हे उत्तमच. पण रांगही एकच झाली आणि त्या रांगेत बायका शेपटाला गेल्या. फिलाडेल्फियाचे ते कॉलेजही १९७० च्या सुमाराला मुलांना खुले झाले.

एकत्र रांगेतून पुढे गेलेल्या नाहीत असे नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात तर डॉ. सुशीला नायर यांचे काम दिसेल. गांधीजींच्या आश्रमातली ही डॉक्टरीण १९६२ ते १९६७ देशाची आरोग्यमंत्री होती, आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिने खेड्यातच मेडिकल कॉलेज काढलं. मुलांनी खेड्यात राहून शिकायचं, खादी घालायची, हा तिचा दंडक. रांगेत नंबर लागत नाही म्हणून स्वतःचं दुकान थाटलं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या दुकानातून निघालेले डॉक्टर आज देशभर आहेत.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. ‘एम्स’ म्हणजे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. तिथे १९८४ मध्ये डॉ. स्नेह भार्गव यांची संचालक म्हणून निवड झाली. शाखा कुठली, तर क्ष-किरणांची. सर्जन, फिजिशियन अशा बड्या मंडळींच्या मानाने ही शाखा तेव्हा पडद्यामागची समजत. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी त्यांच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब करायची बैठक चालू होती, आणि त्याच वेळी गोळ्या लागलेल्या इंदिरा गांधींना एम्समध्ये आणलं गेलं. नव्या खुर्चीत नीट टेकायच्या आत बाईंवर ही वेळ! बाहेर लोटलेली गर्दी, आत ऑपरेशन थिएटर, शहरात पेटलेल्या दंगली, आणि या सगळ्यात हॉस्पिटल चालू ठेवायचं. १९९० पर्यंत त्यांनी एम्स चालवलं. संकटाच्या दिवशी बाईच्या हातून निभेल का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघायला हवा होता, नाही का? पण २०२४ साली त्या घटनेला चाळीस वर्षे झाली, आणि त्या चाळीस वर्षांत एम्सच्या दिल्लीच्या खुर्चीवर दुसरी स्त्री आलेली नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक अहवाल काढला. त्यात म्हटलंय की जगभर आरोग्यसेवेत राबणाऱ्यांपैकी ७० टक्के स्त्रिया आहेत, आणि वरच्या जागांवर मात्र २५ टक्के. अमेरिकेत २०१९ पासून मेडिकलच्या विद्यार्थ्यांत मुली निम्म्याहून जास्त झाल्या, तरी डीन बघाल तर चारांत एखादीच बाई. आपल्या आशाताईंचं घ्या. देशात सुमारे १० लाख आशा आहेत, झाडून सगळ्या बायका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण हाती पडतं ते मानधन. त्यांच्या कामाचे नकाशे आखणाऱ्या टेबलाभोवती त्यांच्यापैकी किती जणी बसतात, हे तुम्हीच विचारून बघा.

वयाचं गणित

आता मुद्द्याचं. कागदोपत्री बाईला कुठेच बंदी नाही. मग अडतं कुठे? वही-पेन्सिल घ्या, आपण हिशेब मांडू. भिशीचा मांडतो तसाच.

लेक अठराव्या वर्षी एम.बी.बी.एस.ला गेली. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. पुढच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीत एखादे वर्ष जाते. एम.डी. किंवा एम.एस. तीन वर्षे. मग सीनियर रेसिडेंट म्हणून एक वर्ष. झाली एकोणतीस वर्षांची. आता कुठे ती सहायक प्राध्यापक. त्या जागी चार वर्षे काढली, ठरलेली प्रशिक्षणे केली, शोधनिबंध छापून आणले, की सहयोगी प्राध्यापक. त्यानंतर तीन वर्षांनी प्राध्यापक. डीन व्हायचं तर सर्वसाधारण अट अशी की सहयोगी आणि प्राध्यापक मिळून दहा वर्षे हवीत, त्यातली पाच तरी प्राध्यापक म्हणून. म्हणजे एकही दिवस वाया न घालवता धावली, तर त्रेचाळीस-चव्वेचाळीसाव्या वर्षी तिचा अर्ज टेबलावर येऊ शकतो. येऊ शकतो, एवढंच. जागा निघणं, निवड होणं पुढचं.

आता त्याच वहीत शेजारी दुसरा रकाना आखा. लग्न कितव्या वर्षी? सत्तावीस-अठ्ठावीस. पहिलं मूल तिशीला, दुसरं तेहतिसाव्या वर्षी. धाकट्याचं शाळेचं, सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, नवऱ्याची बदली. दोन्ही रकाने एकाशेजारी एक ठेवले की दिसतं : ज्या वर्षांत अनुभवाचे दिवस मोजले जातात नेमक्या त्याच वर्षांत घर तिला ओढतं. बाळंतपणाच्या रजेने फारसं बिघडत नाही, ती कायद्याने मिळते. बिघडतं ते त्यानंतर. “दोन-तीन वर्षं घरी राहा, मग बघू” म्हणून नोकरी सोडली की घड्याळ थांबतं. परत येते तेव्हा कॉलेजातली कायमची जागा गेलेली असते. मग काही महिन्यांच्या कंत्राटी नेमणुका, किंवा घराजवळच्या खासगी हॉस्पिटलातली नोकरी. पगार बरा असतो, पण ती वर्षे शिकवण्याच्या अनुभवात धरत नाहीत. तिच्या बरोबरीचा मुलगा तोवर दोन पायऱ्या वर गेलेला असतो. हुशारीत तो पुढे होता म्हणून गेला असं नाही. तो नुसता थांबला नाही.

शिवाय शाखेची निवड. “मुलीच्या जातीला सर्जरी कशाला? रात्री-अपरात्री धावावं लागतं. त्यापेक्षा एखादा दहा ते पाचचा विषय घे.” हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी म्हटलंय! बालरोग, स्त्रीरोग, शरीररचना, औषधशास्त्र यांत मुली भरपूर दिसतात, अस्थिरोगात आणि सर्जरीत कमी. कुठलीही शाखा कमी प्रतीची नाही हे भार्गवबाईंनी दाखवलंच. पण जी शाखा तिने मनापासून निवडली ती वेगळी आणि जी स्वयंपाकघराच्या वेळेकडे बघून निवडली ती वेगळी.

आणि एक बारीक गोष्ट. विभागप्रमुखांच्या बैठका बऱ्याचदा संध्याकाळी सहाला सुरू होतात, ओ.पी.डी. आटोपल्यावर. कुठलं मशीन घ्यायचं, कुणाला परिषदेला पाठवायचं, कुणाचं नाव कुठल्या समितीवर टाकायचं, हे तिथे चहाबरोबर ठरतं. त्या वेळी आपली डॉक्टरीण पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायला रिक्षा शोधत असते.

लष्कराने मात्र या बाबतीत आपल्याला थोडं चकित केलंय. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ए.एफ.एम.सी.च्या, प्रमुखपदी २००४ मध्ये पुनीता अरोरा आल्या. लेफ्टनंट जनरल झालेली ती देशातली पहिली स्त्री. त्याच कॉलेजात शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे यजमानही त्याच हुद्द्याचे, नवराबायको दोघंही! निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. (त्या जागी त्यांच्याही आधी डॉ. मृदुला फडके बसून गेल्या आहेत, हे विसरू नका.) डॉ. सौम्या स्वामिनाथन याही ए.एफ.एम.सी.च्याच. २०१९ मध्ये त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख शास्त्रज्ञ झाल्या. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तिन्ही सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेची सर्वोच्च जागा आरती सरीन यांच्याकडे आली, प्रथमच एका स्त्रीकडे. त्याही पुण्याच्याच कॉलेजातून निघालेल्या. मला वाटतं याचं एक कारण असं की लष्करी नोकरीत मधूनच “दोन वर्षं घरी बस” म्हणायची सोय घरच्यांना नसते. बदली आली की जावंच लागतं, मग घरही जुळवून घ्यायला शिकतं. जे हुकमाने जमतं ते समजुतीने का जमू नये?

घरच्यांसाठी

तुमची लेक किंवा सून या वाटेवर असेल तर दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. डॉक्टर नसलेल्या आईने, सासूने करण्यासारख्या आहेत.

पहिलं, नोकरी सोडू देऊ नका, रजा घेऊ द्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही कायदा सांगतो. ती सोय आहे का, हे विचारायला लाजू नका. विचारल्याशिवाय कुणी खोली रिकामी करून देत नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत २०१८ पासून मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची वेगळी रजाही आहे. दहावीच्या परीक्षेला, आजारपणाला ती तुकड्यातुकड्याने वापरता येते. म्हणजे राजीनामा हा शेवटचा कागद, पहिला नव्हे.

दुसरं, तिच्या पहिल्या काही वर्षांच्या पगारातून घरकामाला माणूस ठेवा आणि त्याचा हिशेब मनात ठेवू नका. “तिचा अर्धा पगार पोळ्यावालीला आणि सांभाळणाऱ्या बाईला जातो, मग नोकरी कशाला?” हा हिशेब चुकीचा आहे. तो खर्च एकट्या तिच्या पगारातून का वजा करायचा? मूल दोघांचं आहे, पोळ्या सगळे खातात.

तिसरं, कागदपत्रं. आपण गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड जपून ठेवतो, तशी तिची एक फाईल घरात हवी. प्रत्येक नेमणुकीचा हुकूम, हजर झाल्याचा आणि कार्यमुक्त झाल्याचा दाखला, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, छापून आलेल्या निबंधांच्या प्रती. सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी असली तरी तिचा अनुभवाचा दाखला तेव्हाच मागून घ्यायचा. दहा वर्षांनी ते ऑफिसही सापडत नाही आणि तो कारकूनही.

आणि ‘प्रभारी’ या शब्दापासून सावध. बायकांना ही जागा फार उदारपणे मिळते. “मॅडम, तुम्ही जरा बघा, नवीन माणूस येईपर्यंत.” मॅडम दोन-दोन वर्षे विभाग सांभाळतात, औषधांच्या मागण्या, परीक्षा, तपासणीचं पथक सगळं निभावतात, आणि एक दिवस नवीन साहेब येऊन खुर्चीत बसतात. प्रभार घ्यायला हरकत नाही, त्यात शिकायला मिळतं. पण लेखी हुकमाशिवाय घेऊ नये, आणि तो हुकूम फाईलमध्ये लावावा. तोंडी सांगितलेला कारभार कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही.

अर्जावरून आठवलं. जाहिरात निघाली की मुली आधी अटी वाचतात, दहातली एक पुरी होत नसली तर अर्जच करत नाहीत. मुलं आठ अटींवर करून टाकतात. अर्ज भरताना जवळ बसा, नुसतं बसलात तरी चालेल.

राहिली बदली. बढतीबरोबर ती यायचीच. मुंबईची सून लातूरला किंवा अकोल्याला नेमली गेली की घरात पहिलं वाक्य येतं, “नको म्हणून कळवून टाक.” पुष्कळ नावं पाटीवर जाता जाता इथेच राहतात. तुमच्या मुलाची बदली झाली असती तर तुम्ही काय म्हणाला असतात? “जा बाबा, आम्ही बघतो इकडचं.” तेच वाक्य तिला म्हणा. नातवंडं वर्षभर आजीकडे राहिली तर बिघडत नाहीत, किंवा आजीच तिच्याबरोबर गेली तर आणखी छान. राज्य सरकारच्या नेहमीच्या बदल्यांचे हुकूम एप्रिल-मेमध्ये निघतात आणि शाळा जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा चौकशा मार्चमध्येच सुरू कराव्यात. राहायला क्वार्टर आहे का, कॉलेजपासून शाळा किती लांब, दूधवाला किती वाजता येतो. शाळा सोडल्याचा दाखला काढायला सुट्टीत कारकून भेटत नाही, तो शाळा बंद व्हायच्या आत मागून ठेवलेला बरा.